कच्छच्या खाऱ्या किनाऱ्यावर गावाची जमीन सुधारायची, तर कामाचा क्रम कोणता?

मुलुंड, घाटकोपर, डोंबिवलीतल्या कित्येक कच्छी कुटुंबांची जमीन आजही मांडवी, मुंद्रा, अबडाशातल्या गावांत आहे. गावासाठी काही करायचं ठरलं की मुंबईतून पैसा जातो तो साधारण तीन कामांना: पांजरापोळ, तलाव खोल करणं आणि झाडं लावणं. महाराष्ट्रात पाणलोटाची कामं केलेल्या संस्थाही तिकडे जाताना इथलाच आराखडा बरोबर नेतात. पैसा आणि हेतू दोन्ही चांगले असतात. चुकतो तो क्रम. खाऱ्या, कोरड्या किनाऱ्यावर क्रम चुकला की काम नुसतं वाया जात नाही, होतं तेही बिघडतं. तलाव दोन हात जास्त खोदला म्हणून खारं पाणी वर आलं, असं होऊ शकतं.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरण कच्छच्या दक्षिण किनाऱ्याचं, म्हणजे लखपत-अबडाशापासून मांडवी-मुंद्रापर्यंतच्या पट्ट्याचं.

आधी मुलूख समजून घ्या

इथे वर्षाला सरासरी साडेतीनशे-चारशे मिमी पाऊस पडतो, पश्चिमेला त्याहून कमी. तोही मोजक्या दिवसांत, आणि एखादं वर्ष जवळजवळ कोरडंच. बाष्पीभवन याच्या चौपट तरी. त्यामुळे उथळ, पसरट तळं ही इथे चैन आहे. त्यातलं बरंचसं पाणी उन्हालाच जातं.

भुजकडून मांडवीकडे उतरताना जमिनीखालचा खडक बदलत जातो. वर भुजचा वालुकाश्म, कच्छमधला सगळ्यात भरवशाचा पाणी धरणारा थर. मग आपल्या ओळखीचा काळा कातळ. त्याच्या खाली समुद्राच्या बाजूला चिकणमाती आणि चुनखडीचे जुने सागरी थर, आणि अगदी किनाऱ्याला गाळ. नद्या छोट्या, रुक्मावतीसारख्या कातरोल डोंगररांगेकडून निघून थेट कच्छच्या आखातात जाणाऱ्या. म्हणजे किनाऱ्यावरच्या गावाचं गोडं पाणी बहुतेक वेळा वरच्या गावाच्या हद्दीत मुरतं. ‘आमच्या गावापुरतं’ काम करायचं ठरवलंत, तर इथेच अडाल.

किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावरच्या सायीसारखं. ढोबळ हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली साधारण ४० फूट गोडा थर असतो. उलट बाजूने वाचा: उपशाने पातळी १ फूट खाली गेली की खालचं खारं पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू शकतं. प्रत्यक्षात थर इतके एकसारखे नसतात, पण दिशा हीच. कच्छच्या उत्तरेकडच्या बन्नी या गवताळ पट्ट्यातल्या मालधाऱ्यांनी, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांनी, हे पुस्तकाशिवाय ओळखलं होतं. त्यांचे विरडे म्हणजे झिलाच्या, पावसाचं पाणी साठतं अशा खोलगट भागात खणलेले उथळ झरे. लाकडी चौकट, फटींत गवत कोंबलेलं. पावसाचं गोडं पाणी खाऱ्यावर साठतं, ते वरच्या वर अलगद घ्यायचं, आणि एक विरडा संपल्यावरच दुसरा उघडायचा. खोल खणण्याचा मोह टाळायचा, कारण खाली काय आहे ते त्यांना माहीत होतं.

पहिली पायरी: ‘रिकामी’ जमीन कोणाची आहे ते शोधा

सातबाराच्या धर्तीवरचा उतारा मालक सांगतो, वापर सांगत नाही. कागदावर ‘सरकारी पडतर’ किंवा ‘गौचर’ लिहिलेली जमीन कुणाची तरी चराई असते, कुणाचा जळणफाटा, कुणाची मासळी वाळवायची जागा. आखाताच्या किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबं पावसाळा संपला की बंदरांवर म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी वस्त्यांवर येतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी गावी परततात. त्यांच्यातले पगडिये होडीशिवाय, ओहोटीच्या चिखलात पायी जाळी लावतात. आता कल्पना करा, तुमची पाहणी जुलैत झाली. अहवालात काय येईल? ‘किनारा निर्मनुष्य.’

ही नुसती कल्पना नाही. मुंद्रा भागातल्या औष्णिक वीज प्रकल्पाबद्दल मच्छीमार आणि शेतकऱ्यांनी कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थेविरुद्ध तक्रार केली. हंगामी मच्छीमारांचा पुरेसा विचार झाला नाही, असं त्या संस्थेच्याच अंतर्गत लोकपालाच्या तपासणीतून पुढे आलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये अशा संस्थांना सरसकट न्यायालयीन संरक्षण नाही, असा निकाल लागला. पुढे मूळ दावा टिकला नाही. पण पाहणी कोणत्या महिन्यात करायची हा प्रश्न किती महाग पडू शकतो, ते यातून कळतं.

म्हणून पाहणी तीन वेळा करा: मे महिन्यात, पावसात आणि डिसेंबरच्या आसपास. दर वेळी डोंगराच्या बाजूने समुद्राकडे सरळ चालत जा. बरोबर सरपंच असलाच पाहिजे असं नाही, पण एक विहीरवाला, एक मालधारी, बंदरावरचं एखादं माणूस आणि पाणी भरणाऱ्या दोन बायका हव्यातच. चालताना प्रत्येक तुकड्यावर तीनच प्रश्न विचारा: इथे कोण येतं, कोणत्या महिन्यात, आणि इथे कुंपण पडलं तर ते कुठे जाईल? उत्तरं नकाशावर तिथल्या तिथे लिहा. वांढीवरच्या, म्हणजे मालधाऱ्यांच्या वस्तीवरच्या लोकांना गावात बोलावू नका. तुम्ही वांढीवर जा, आणि जनावरं परत आल्यावर जा.

गैरहजर जमीनमालकांनाही याच टप्प्यावर धरा. मुंबईत बसलेल्या मालकाच्या विहिरीवर भागीदार पंप चालवत असतो. पुढे उपशाचा नियम करायची वेळ आली की ‘शेठला विचारावं लागेल’ या वाक्यावर गाडी अडते. महाजनाच्या किंवा ज्ञातीच्या मेळाव्यात हा विषय आधीच मांडून लेखी संमती घेतलेली बरी.

दुसरी पायरी: प्रत्येक विहीर मोजा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि यावरच पुढचं सारं उभं आहे. गावातल्या सगळ्या विहिरी-बोअरना क्रमांक द्या. पावसाआधी मे महिन्यात आणि पावसानंतर ऑक्टोबरमध्ये, एकाच आठवड्यात, प्रत्येकीची पाण्याची पातळी आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, नोंदवा. खिशात मावणारा टीडीएस मीटर पुरतो, पण दर वेळी तोच मीटर वापरा आणि तो तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. किनाऱ्यावरच्या विहिरींत हा आकडा ओलांडलेला दिसला तर दचकू नका; तो कुठून आला ते बघा.

कारण खारटपणाची उगमस्थानं वेगवेगळी असतात आणि उपायही त्यानुसार बदलतात. समुद्र आत सरकला असेल, तर किनाऱ्याकडून आत येताना टीडीएस क्रमाने उतरत जातो आणि उपसा जास्त तिथे फुगतो. जुन्या सागरी थरांतलंच मीठ असेल, तर एक विहीर गोडी आणि शंभर पावलांवरची खारी असा ठिगळासारखा नकाशा दिसतो. या दुसऱ्या प्रकारात किनाऱ्यावर कितीही बंधारे बांधा, विहीर गोडी होणार नाही.

एक सोपी चाचणी प्रत्येक मोठ्या पंपावर करा. पंप सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांतलं पाणी मोजा. मग दर अर्ध्या तासाने, सलग दोन-तीन तास. आकडा स्थिर राहिला तर ठीक. चढत गेला तर खालचं खारं पाणी त्या बोअरखाली शंकूसारखं वर ओढलं जातंय असं समजा. अशा विहिरीवर पंपाची ताकद कमी करायची, तो थोडा थोडा वेळ चालवायचा आणि खोली अजिबात वाढवायची नाही. ‘पाणी कमी येतंय, अजून शंभर फूट जाऊ’ हा बोअरवाल्याचा सल्ला इथे विहिरीचा कायमचा घात करतो.

हे मोजमाप बाहेरच्या माणसाने करून उपयोग नाही. कच्छमध्ये भुजच्या ‘ॲरिड कम्युनिटीज अँड टेक्नॉलॉजीज’ आणि ‘सहजीवन’सारख्या संस्थांनी गावच्या तरुणांना भूजल जाणकार म्हणून तयार केलं. पुण्याच्या ‘अक्वाडॅम’ने इथल्या भूजलाच्या कामाला शास्त्रीय आधार दिला. दोन चुणचुणीत मुलं-मुली निवडा, मानधन द्या आणि आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून टाका. भिंतीवरचा आकडा नाकारणं कठीण जातं. फाइलीतला कुणी उघडतही नाही.

तिसरी पायरी: ताळेबंद चावडीवर

मुद्दा कळावा म्हणून एक काल्पनिक गाव घेऊ. क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ३५० मिमी. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे गावावर पडलं ३५० कोटी लिटर. त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरू: ३५ कोटी. दोन हजार माणसांना माणशी ७० लिटरने वर्षाला सुमारे ५ कोटी ११ लाख लिटर लागतात. दीड हजार मोठ्या जनावरांना प्रत्येकी ४० लिटरने २ कोटी १९ लाख. उरले साधारण २७ कोटी ७० लाख.

आता तो भाग जो आपल्या देशावरच्या ताळेबंदात नसतो. यातलं काही पाणी समुद्राकडे वाहू द्यावंच लागतं. खाऱ्याला रेटून धरणारं तेच आहे. मुरलेल्याचा पाचवा हिस्सा म्हणजे ७ कोटी बाजूला ठेवा. उरले २० कोटी ७० लाख. एरंडीला हेक्टरी ५०० मिमी, म्हणजे ५० लाख लिटर सिंचन धरलं तर भिजेल फक्त ४१ हेक्टर. हजारातलं एक्केचाळीस! हा आकडा सभेत फळ्यावर सगळ्यांसमोर, लोकांच्याच तोंडून काढून घ्या. तुम्ही छापून आणलात तर तो तुमचा आकडा राहतो.

हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरतात, हे आपल्याला माहीत आहे. कच्छमध्ये तेच करताना एक पथ्य पाळा: ग्रामसभेआधी बायकांची, मालधाऱ्यांची आणि भूमिहीनांची वेगळी बैठक घ्या आणि त्यांचे मुद्दे लिहून सभेत वाचून दाखवा. मोठ्या सभेत ज्याचा बोअर मोठा त्याचा आवाज मोठा असतो.

‘आता नर्मदा आली, हे कशाला?’ असं कुणीतरी म्हणेलच. कच्छ शाखा कालव्याचा मांडवी तालुक्यातल्या मोडकुबापर्यंतचा टप्पा ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, नळाने पिण्याचं पाणीही पोचलं. पण कालव्याच्या शेपटाला बसून वरच्यांच्या भरवशावर राहायचं का, हे उसाच्या पट्ट्यातल्या मराठी वाचकाला समजवायला नको. शिवाय निचरा नसलेल्या चिकण जमिनीत कालव्याचं पाणी मनमुराद सोडलं की खालचे क्षार वर येतात. नर्मदेच्या पाण्यालाही ताळेबंदात एक रकाना द्या, विहिरींच्या जागी नाही, त्यांच्या शेजारी.

चौथी पायरी: पाणी कुठे अडवायचं, कुठे नाही

सुरुवात वरून. वरच्या भागात, विशेषतः वालुकाश्म उघडा असेल तिथे, छोटे बांध आणि पुनर्भरण. तो भाग दुसऱ्या गावाचा असेल तर त्यांच्याशी करार करा. त्यांच्या हद्दीतल्या बंधाऱ्याला किनाऱ्याच्या गावाने पैसा द्यावा यात वावगं काही नाही. मधल्या पट्ट्यात शेताचे बांध आणि जुन्या तलावांचा गाळ काढणं. गाळ काढताना आधी दोन-तीन ठिकाणी हाताने खड्डे घेऊन थर बघा. तळाची चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि खालच्या खाऱ्याला अडवते. यंत्राने ती फोडली की तलाव गेला. जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, त्यामुळे ‘इथे थांब’ म्हणणारं माणूस दिवसभर तिथे उभं हवं.

अगदी किनाऱ्याला पिण्यासाठी घराच्या छपराचं पाणी आणि बंद टाकं. भरतीचं पाणी रोखणारे मोठे नियंत्रक आणि बंधारे हे सरकारी काम. गावाने त्यांच्या दारांची देखभाल कोण करतं, एवढं मात्र विचारत राहावं.

पाचवी पायरी: माती

कोकणातल्या खारभूमीचे बांध आणि उघाड्या, गोव्याची खाजणं बघून आलेला माणूस म्हणतो, बांध घाला, पाऊस मीठ धुऊन नेईल. कोकणात नेतोही, तिथे अडीच-तीन हजार मिमी पाऊस पडतो. ढोबळ नियम असा की एक फूट खोल मातीतले बहुतांश क्षार धुवायला त्यातून सुमारे एक फूट पाणी निचरून जावं लागतं. एक फूट म्हणजे ३०० मिमी. कच्छचा वर्षाचा पाऊसच जेमतेम तेवढा!

त्यामुळे सगळी खारी जमीन ‘सुधारायची’ नाही, निवडायची. माती परीक्षणात दोन गोष्टी वेगळ्या काढा. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. तिथे निचरा आणि गोडं पाणी हाच उपाय, जिप्सम टाकून पैसे घालवू नका. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण, तिथे जिप्सम लागतो. पाणी निचरत नसेल तर दोन्हींकडे आधी चर. जी जमीन चांगली आहे तिच्यावर खर्च करा. जी फार खारी आहे ती गवताला आणि लाणो या खाऱ्या जमिनीतल्या झुडपाला सोडा, उंट खातात.

पिकांत पावसावरची बाजरी, मूग, गवार आणि कच्छची देशी काळी कपाशी यांना पहिला मान. ‘सात्विक’ आणि ‘खमीर’ या संस्थांनी या कोरडवाहू कपाशीला विणकरांशी जोडून बाजार मिळवून दिला आहे. बागायत करायचीच तर खारीक, म्हणजे खजुराची झाडं: खारटपणा सोसते, ठिबकवर येते आणि ताजी फळं पावसाच्या तोंडावर जून-जुलैत उतरवता येतात. पण लागवड ताळेबंदातल्या ४१ हेक्टरांत बसली पाहिजे, त्यांच्या बाहेर नाही.

सहावी पायरी: गवत, झाडं, तिवरं

झाडं लावण्याआधी गवत. धामण (आपलं अंजन गवत) आणि झिंजवो यांचं बी पसरून दोन पावसाळे चराई थांबवायची, पण गायरानाचे तुकडे पाडून, एका वेळी एकच. कोणता तुकडा आधी बंद करायचा ते मालधाऱ्यांनी ठरवायचं. अबडाशाच्या माळांवर खड्डे खणून झाडं लावू नका. तो माळढोकाचा मुलूख आहे, आणि सोलापूरजवळच्या माळढोकांच्या नान्नजमधल्या लोकांना सांगायला नको की माळ म्हणजे पडीक नव्हे.

गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, काढायची तर जमिनीखाली वीतभर खोल खोडाचा गड्डाच काढावा लागतो. नुसती तोडली की दुप्पट फुटते. जनावरं शेंगा खातात आणि शेणातून बी पसरवतात, म्हणून साफ केलेल्या तुकड्यावर दोन-तीन वर्षं रोपटी उपटत राहायचं. एकदम सगळी काढू नका. कोळसा करून जगणारी घरं असतात, आणि उघड्या वाळूवर वारा अडवण्याचं काम सध्या तीच करतेय. आधी पिलू, केर, बोर, शमी रुजवा.

किनाऱ्यावरच्या तिवरांचं काम वेगळंच. लागवडीच्या आधी भरतीचं पाणी तिथवर येतं का ते बघा. कांडल्याच्या बाजूला मिठागरांच्या बांधांनी खाड्यांचे प्रवाह तुटले आणि तिवरं सुकली. खराई उंट पाळणाऱ्या मालधाऱ्यांच्या संघटनेने दाद मागितली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्रवाह मोकळे करण्याचा, तिवरं पुन्हा उभी करण्याचा आदेश दिला. खराई उंट पोहत बेटांवर जाऊन तिवरं चरतात. २०१५ मध्ये त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे तिवरलागवडीत उंटांची वाट राखणं हा आराखड्याचा भाग आहे. बी पावसाळ्यात पिकतं, तेव्हाच गोळा करून रोजची भरती पोचते अशा चिखलात उंचवटे करून टोचायचं. पगडियांच्या जाळ्यांच्या जागा सोडायच्या. आणि बिल भरताना लावलेली रोपं मोजू नका. वर्षाने आणि तीन वर्षांनी जगलेली मोजा. किनारी नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागेवर बांध किंवा खोदाई असेल तर परवानगी आधी, काम नंतर.

सातवी पायरी: नियम, खातं आणि तिसरं वर्ष

नियम थोडे आणि तपासता येतील असे: नवीन बोअर नाही, अमुक टीडीएसच्या वर गेलेल्या विहिरीवर पंप बंद, बंद तुकड्यात जनावर शिरलं तर दंड किती आणि तो कुणाच्या खात्यात. समितीत निम्म्या बायका, मालधाऱ्यांची आणि मच्छीमारांची जागा पक्की, सही दोघांची. मुंबईचा पैसा एकदम पाठवू नका. पहिल्या वर्षी मोजमापाला आणि मानधनाला, बांधकामाला त्यानंतर. देणगीदाराला पाटी लावायला काही हवं असतं हे खरं, तर विहिरींच्या आकड्यांच्या भिंतीवर त्याचं नाव घाला.

दुष्काळाचा नियम मात्र चांगल्या वर्षीच लिहून घ्या. पाऊस निम्मा झाला तर मुरणं निम्मं होत नाही, जवळपास थांबतंच. तेव्हा ४१ हेक्टरांचे किती, आधी कुणाची बाग तोडायची, चारा कुठून आणायचा, गावाबाहेरच्या कळपांना पाणी द्यायचं का, हे सगळं वहीत लिहून सह्या घ्या. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात पुन्हा साऱ्या विहिरी मोजा. पातळी वाढली पण टीडीएसही वाढला असेल, तर उपसा आणखी कमी करायचा आणि खोदकामाचा पुढचा हप्ता थांबवायचा, काम कितीही छान दिसत असलं तरी.